पुण्यात रोज सायकलने कामावर जाणाऱ्यांसाठी : ट्रॅक चौकाच्या अलीकडेच का संपतो?

मुठाकाठ

पुण्यात सायकल ट्रॅकचा विषय निघाला की बोलणं लगेच किलोमीटरवर जातं. किती झाले, किती व्हायचेत, किती कोटी लागणार. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या मुख्य सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, त्यातही आठशे किलोमीटरहून मोठं जाळं दाखवलेलं आहे. आराखडा मेहनतीने केलाय, जमलं तर जरूर वाचा. पण रोज सायकल चालवणाऱ्याला विचाराल तर तो किलोमीटर सांगणार नाही, चौकांची नावं सांगेल. इथे जीव मुठीत धरून जावं लागतं, तिथे उतरून हातात धरून न्यावी लागते, असं.

मी कोथरूडहून शिवाजीनगरला जातो. कर्वे पुतळा, पौड फाटा, नळस्टॉप, मग प्रभात रस्त्याच्या बाजूच्या गल्ल्यांतून डेक्कन आणि पुढे जंगली महाराज रस्ता. गल्ल्यांमध्ये काहीच त्रास नाही. झाडं आहेत, रिक्षासुद्धा हळू जातात. तिथे ट्रॅक नाही आणि ट्रॅकची गरजही नाही. जंगली महाराज रस्त्यावर फूटपाथ रुंद केला, जुनी झाडं राखली आणि सायकलला वेगळी जागा दिली. हे काम मला मनापासून आवडतं. सकाळी लवकर निघालात तर तिथून जाताना आपलं शहर आपल्यासाठी केलंय असं वाटतं.

माझा मुद्दा आहे तो शहरातल्या एकूण ट्रॅकबद्दल. सरळ रस्त्यावर ट्रॅक असतो आणि चौक आला की वीस-तीस पावलं अलीकडेच संपतो. म्हणजे जिथे मोटारी आणि सायकली एकाच दिशेने सरळ जातात, रस्ता रुंद असतो, तिथे संरक्षण. आणि जिथे बस डावीकडे वळते, रिक्षा कडेला घुसते, दुचाकीवाले सिग्नलला पुढे येऊन थांबतात, तिथे काही नाही. ट्रॅकवरून उतरताना आपण नेमके वळणाऱ्या वाहनाच्या डाव्या कुशीत येतो. ड्रायव्हरला आपण आतापर्यंत दिसलेलोच नसतो, कारण मध्ये पार्क केलेल्या गाड्यांची रांग होती. अपघात व्हायला याहून सोयीची रचना शोधून सापडणार नाही. ट्रॅकवर लोक सायकल का चालवत नाहीत याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं उत्तर ट्रॅकच्या पृष्ठभागात आहे. सोसायटीचं किंवा दुकानाचं गेट आलं की ट्रॅक खाली उतरतो आणि पुन्हा वर चढतो. उताराच्या तोंडाशी दोन-तीन बोटं उंचीची धारदार कड राहिलेली असते. मोटारसायकलच्या जाड टायरला ती कळत नाही, सायकलच्या रिमला मात्र रोज दणका बसतो. पेव्हर ब्लॉक एकेक करून खचतात, कारण खालची खडी नीट दाबलेली नसते आणि केबलसाठी उकरलं की ब्लॉक नुसते परत मांडले जातात. सर्वांत भीतीदायक पावसाळी गटाराच्या जाळ्या. जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेने असतील तर पुढचं चाक सरळ फटीत उतरतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. पट्ट्या आडव्या बसवायला एक पैसा जास्त लागत नाही.

रस्त्यांच्या मानकांत या गोष्टी नाहीत असं अजिबात नाही. इंडियन रोड्स काँग्रेस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं सायकल ट्रॅकवरचं 'आयआरसी ११' हे मानक २०१५ मध्ये नव्याने आलं. पुण्याची स्वतःची रस्ते रचनेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने तर वाहनं नव्हे, माणसं हलवायची आहेत असं स्पष्ट म्हटलंय. कागद आहेत. कागद आणि रस्ता यांच्यामध्ये शेवटच्या वीस पावलांचं जे काम राहतं, त्याबद्दल हा धागा आहे.

माझं मागणं थोडकं आहे. पुढची दोन वर्षं एकही नवा किलोमीटर नको. आहेत तेच ट्रॅक चौक ओलांडून पलीकडे न्या. थांबण्याच्या पांढऱ्या रेषेच्या पुढे सायकलसाठी जागा रंगवा, म्हणजे सिग्नलला आपण बसच्या कुशीत नाही, तिच्या समोर उभे राहू. डावीकडच्या वळणाचा कोपरा थोडा आवळा, म्हणजे वळताना गाडीला वेग कमी करावाच लागेल. गेटपाशी ट्रॅक खाली उतरवण्याऐवजी तो आहे त्याच पातळीवर ठेवा आणि गाडीला उंचवट्यावरून येऊ द्या.

तुमच्या रोजच्या वाटेवरचा सर्वांत वाईट तुकडा कुठला, आणि काय केलं तर तो सुधारेल, हे लिहा. बाकी शहरांतल्या लोकांनीही लिहावं.

रेवा

उत्तम धागा. चौकाचा मुद्दा शंभर टक्के पटला.

एक गोष्ट यात घालायची आहे, उजेड. रस्त्याचे दिवे मोटारीच्या लेनवर रोखलेले असतात आणि ट्रॅक झाडांच्या पलीकडे, फूटपाथला लागून. संध्याकाळी सात-साडेसातला तिथे मिट्ट काळोख असतो. वर पार्क केलेल्या गाड्यांची भिंत. अशा जागेतून मी जात नाही, मुलीलाही जाऊ देत नाही. मग आम्ही दोघी रस्त्यावरून जातो, आणि मागून हॉर्न देणारा ओरडतो, "ताई, ट्रॅक कशाला बांधलाय मग?"

बायका सायकल चालवत नाहीत म्हणतात. सकाळी सहा ते आठ या वेळेत बाहेर पडून बघा. कामाला जाणाऱ्या मावशी, शाळेच्या मुली, भाजी घेऊन निघालेल्या बायका. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून गावोगावच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात आणि त्या रोज चालवतातही. त्याच मुली शिकायला पुण्यात येतात आणि इथे आल्यावर सायकल सोडतात. त्यांना सायकल नको असते असं नाही, रस्ता तसा मिळत नाही.

ट्रॅकसाठी कमी उंचीचे वेगळे दिवे हवेत, झाडाच्या फांद्यांखाली येतील असे. ही मागणी तुमच्या यादीत पहिल्या तिनात असू द्या.

सदाशिवकर

मी पेठेत जन्मलो, वाढलो. आमच्या लहानपणी सायकलला पालिकेचा बिल्ला लागायचा. रात्री दिवा नसला की पोलीस चाकातली हवा सोडायचा, डबलसीट धरलं तर दंड. याचा अर्थ असा की सायकल हे वाहन होतं. कायद्याच्या लेखी, पोलिसाच्या लेखी आणि इतरांच्या लेखीही. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली. तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकानं गल्लोगल्ली होती.

मग त्या गेल्या कशा, हे नीट बघायला हवं. लोक आळशी झाले असं आमच्याच वयाचे लोक म्हणतात, ते मला मान्य नाही. शहर लांबलं. नोकरी एका टोकाला, घर दुसऱ्या टोकाला. बस पुरेशा नव्हत्या. १९७२ च्या सुमाराला लूना आणि चेतक आल्या, दोन्ही आपल्याच भागातल्या कारखान्यांतून, आणि मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या. एकदा वेगवान वाहनं वाढली की उरलेल्या सायकलवाल्याला भीती वाटू लागते, म्हणून तोही स्कूटर घेतो, म्हणून आणखी एकाला भीती वाटते. मी स्वतः याच क्रमाने सायकल सोडली आणि निवृत्तीनंतर पुन्हा धरली.

तेव्हा ट्रॅक नव्हते हे लक्षात घ्या. वेग कमी होता. पेठांमधल्या रस्त्यांवर ट्रॅकला जागा नाहीच, तिथे तीस किलोमीटरची वेगमर्यादा लावा आणि ती पाळली जाईल असे उंचवटे करा. पेठांत एवढं पुरेल.

चाकण_रोज

विरोधी मत मांडतो, राग नसावा. मी मोटारसायकलवर कामाला जातो, अंतर मोठं आहे. पाच महिने पाऊस, तीन महिने ऊन. रस्ते आधीच अरुंद, त्यात ट्रॅकने एक लेन जाते आणि त्या ट्रॅकवर मला पार्किंग, पाणीपुरीची गाडी आणि कुंड्या दिसतात, सायकल दिसत नाही. मग जे वापरलं जात नाही त्यावर खर्च का?

मुठाकाठ

रेवाताई, उजेडाचा मुद्दा धाग्यात वर घेतो. बरोबर आहे तुमचं.

सदाशिवकर काका, भीतीने भीती वाढते ही साखळी तुम्ही फार नेमकी सांगितलीत. पेठांबद्दल सहमत.

चाकण_रोज, राग कसला, हा प्रश्न सगळेच विचारतात. चाकणला किंवा हिंजवडीला सायकलने जा असं कुणी म्हणत नाही. तुमच्यासारख्यांना लांब जाणं भागच आहे आणि तुमच्यासाठी रस्ता मोकळा व्हायला हवा. तो मोकळा होईल तो जवळच्या फेऱ्या गाडीवरून उतरल्या तरच. दूध, शाळा, क्लास, बँक, मेट्रो स्टेशन. दोन-तीन किलोमीटरच्या या फेऱ्यांसाठी माणूस गाडी काढतो, कारण मधला एक चौक सायकलने ओलांडायची त्याला भीती वाटते. मेट्रोत सायकल सोबत नेता येते, २०२२ मध्ये वनाझ–गरवारे सुरू झाली तेव्हापासून. लांबच्या माणसासाठी हा मोठा आधार आहे.

ट्रॅक रिकामे दिसतात हे खरं. पण तुकड्यातुकड्यांचा ट्रॅक म्हणजे मधले दोन खांब न बांधलेला पूल. त्यावरून कोणी जात नाही म्हणून पुलाची गरज नव्हती असा निष्कर्ष काढता येणार नाही.

हवापंप

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासून. रस्त्याबद्दल तुम्ही मंडळी लिहिताच आहात, मी सायकलबद्दल थोडं लिहितो. रोज चालवणाऱ्यांचे निम्मे त्रास त्याने कमी होतात.

हवा. टायरच्या बाजूला दाब छापलेला असतो, तेवढी हवा ठेवा. कमी हवेत सायकल जड जाते, आणि खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटली जाते. ट्यूबला सापाच्या दातासारखी दोन भोकं शेजारी शेजारी दिसली तर ते खिळ्याचं पंक्चर नाही, कमी हवेचं आहे. गिऱ्हाईक म्हणतं, पुन्हा पुन्हा पंक्चर होते, टायर खराब दिलं. टायर चांगलं असतं, हवा नसते.

पावसाळा. चाकाला लोखंडी रिम असेल तर ओल्यात ब्रेक लागतच नाही म्हणून समजा. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर बराच बरा लागतो. जूनआधी ब्रेकचे रबर बदला. मडगार्ड पुढे-मागे पूर्ण लांबीची बसवा, छोटी दिखाऊ नकोत. चेन पुसून कोरडी करा आणि मग तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीवर. गाडीचं जुनं काळं तेल लावू नका, त्यात धूळ बसते आणि चेन झिजते.

चाक डुलत असेल तर वेळेवर आउट काढून घ्या. एक आरी सैल झाली की शेजारच्या आऱ्यांवर भार येतो, त्या तुटतात.

माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेक वॉचमन, माळी, पेपरवाले, बांधकामावरचे कामगार. गिअरच्या महागड्या सायकली शनिवारी-रविवारी येतात. वॉचमनला रात्री दोनला पाळी संपवून घरी जायचं असतं. तो या चर्चेत कधी लिहिणार नाही. तुमच्या यादीत त्याचं काहीतरी असू द्या. त्याच्या सायकलला दिवा नसतो, डायनॅमो कधीच गेलेला असतो. मी लाल रिफ्लेक्टर फुकट लावून देतो, दोन-पाच रुपयांची वस्तू आहे. प्रत्येक दुकानदाराने एवढं करावं.

निगडीवाला

पिंपरी-चिंचवडकडून लिहितो. २०२० मध्ये केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने 'सायकल्स फॉर चेंज' स्पर्धा घेतली होती. निवडलेल्या अकरा शहरांत महाराष्ट्रातून नागपूर आणि आम्ही. स्पर्धेची चांगली बाब अशी की आधी तात्पुरतं करून बघा, मग पक्कं बांधा असा तिचा आग्रह होता. रंग, प्लास्टिकचे खांब आणि कुंड्या लावून महिनाभर एक रस्ता चालवून बघायचा. चूक असेल तर खांब हलवायचे, काँक्रीट फोडायचं नाही. पुण्यातल्या चौकांसाठी हीच पद्धत मागावी असं सुचवतो. एका चौकावर तात्पुरती मांडणी कोणी नाकारणं कठीण असतं.

पिंपळे सौदागर भागात फूटपाथ आणि सायकलची जागा चांगली झालीये, येऊन बघा. संध्याकाळी आजी-आजोबा आणि लहान मुलं अक्षरशः रस्त्यावर असतात.

भाड्याच्या सायकलींबद्दल कोणीच बोललं नाही. २०१७-१८ मध्ये औंधात आणि विद्यापीठात सुरू झाल्या, पिवळ्या-नारिंगी सायकली सगळीकडे दिसत होत्या. मुलांनी किती वापरल्या! दोन-तीन वर्षांत नाहीशा झाल्या. चालवणाऱ्या कंपन्या गेल्या, दुरुस्ती थांबली, सायकली मोडून पडल्या. बससारखी सार्वजनिक सेवा म्हणून कायमचा पैसा ठेवला तरच ते टिकेल असं माझं ठाम मत आहे.

युट्रेख्तहून

मूळची सांगलीची, सध्या नेदरलँड्समध्ये. इथल्या स्टेशनखाली साडेबारा हजार सायकली ठेवायची जागा आहे. भारतातून येणारे पाहुणे तिचे फोटो काढतात. पण मी त्यांना वेगळं दाखवते. गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथे फूटपाथ आणि सायकलची वाट तुटत नाही. त्याच विटा, तीच पातळी, सलग. मोटारीला गल्लीत शिरायचं तर त्यावर चढून जावं लागतं. कोणी कोणाला वाट द्यायची हे पाटी न लावता कळतं. मूळ लेखात गेटबद्दल जे लिहिलंय तेच हे.

हे इथे पूर्वापार होतं असं समजू नका. साठ-सत्तरच्या दशकात इथेही मोटारींसाठी शहरं फोडली. एकट्या १९७१ साली रस्त्यांवर चारशेहून जास्त मुलं गेली. आईबाप रस्त्यावर उतरले, त्यांच्या चळवळीचं नावच 'बालहत्या थांबवा' असं होतं. १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद ठेवल्या आणि लोकांना रिकाम्या रस्त्याची चव कळली. त्यानंतरही बदलायला अनेक वर्षं लागली, चौकामागून चौक.

काळा_कोट

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं. केंद्राने ठरवलेली रचनेची, बांधणीची आणि देखभालीची मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार आणि सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम लहान आहे, पण रस्त्याच्या रचनेलाच जबाबदार धरणारं कलम आहे. अर्जात त्याचा उल्लेख केला की उत्तर लेखी येतं, असा माझा अनुभव आहे.

दुसरं, पुणे महापालिकेचं सहभागी अंदाजपत्रक. २००६ पासून चालू आहे. क्षेत्रीय कार्यालयात नागरिक आपल्या भागातली छोटी कामं सुचवू शकतात, एका कामाला पाच लाखांपर्यंत. चौक बदलायला ही रक्कम पुरणार नाही. पण जाळ्या आडव्या करणं, गेटपाशी उतार नीट करणं, सायकल स्टँड, यांना नक्की पुरेल. स्टँड मागताना उलट्या यू आकाराचा पाइप मागा, ज्याला सायकलची फ्रेम बांधता येते. फक्त पुढचं चाक अडकवायचे स्टँड मागू नका. त्यात चाक वाकतं, आणि चोर चाक तिथेच ठेवून बाकीची सायकल घेऊन जातो.

चाकण_रोज

तात्पुरती मांडणी आणि जवळच्या फेऱ्या हे दोन्ही मुद्दे पटले. आमच्या भागातली मुलं शाळेला रिक्षात कोंबून जातात, शाळा दीड किलोमीटरवर आहे. मध्ये एकच चौक. तिथे हे करता येईल का, कोणाकडे जायचं?

मुठाकाठ

चाकण_रोज, नक्की करता येईल, आणि शाळेचा चौक असेल तर सगळ्यात आधी तोच घ्यावा. मुख्याध्यापकांचं पत्र जोडलंत तर अर्जाला वजन येतं. वाहतूक पोलीस आणि पालिकेचा पथ विभाग, दोघांकडे एकच अर्ज द्या, कारण सिग्नल एकाकडे आणि रस्ता दुसऱ्याकडे. एकाला दिला की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

इथल्या प्रतिसादांवरून अर्जाचा मसुदा करतोय. एकाच चौकापुरता ठेवतो. ट्रॅक झेब्रापर्यंत सलग, थांबारेषेपुढे सायकलची जागा, डावा कोपरा आवळलेला, सायकल आणि पादचाऱ्यांना हिरवा दिवा चार-पाच सेकंद आधी, आणि ट्रॅकवर स्वतंत्र उजेड. सगळं आधी रंग आणि खांब लावून, महिनाभरासाठी. हवापंप यांनी सांगितलेला रात्रपाळीचा वॉचमन डोळ्यांसमोर ठेवून एक ओळ घातली आहे, की रात्री सिग्नल लुकलुकत्या पिवळ्यावर टाकू नये. त्या वेळी गाड्या न थांबता सुटतात आणि सायकलवाल्याला मध्येच अडकायला होतं.

एकेरी रस्त्यांचा मुद्दा माझ्याकडून राहिला होता. डेक्कनहून शिवाजीनगरला जंगली महाराज रस्त्याने जायचं आणि फर्ग्युसन रस्त्याने यायचं, हे मोटारीला ठीक आहे. सायकलवाल्याला मधल्याच ठिकाणी जायचं असेल तर मोठा वळसा पडतो, म्हणून लोक उलटे येतात आणि धोका वाढतो. एकेरी रस्त्यावर सायकलला दोन्ही दिशांनी परवानगी आणि त्यासाठी आखलेली पट्टी, हे वेगळ्या अर्जात मागू. पहिल्या अर्जात मिसळलं तर त्याच कारणाने दोन्ही अडकतील.

जाळ्यांचे फोटो हवे आहेत. ठिकाण आणि जवळची खूण लिहून इथेच टाका.

हवापंप

फोटो काढताना जाळीच्या फटीत टायर उभं करून काढा. साहेबांना मापं वाचायला वेळ नसतो, चाक आत गेलेलं दिसलं की लगेच कळतं. पातळ टायरची सायकल लागली तर दुकानात एक पडून आहे, सकाळी दहाच्या आत या आणि घेऊन जा.